घोलपाइट

"पुन्हा म्हणा," आठल्ये सर म्हणाले.

"गिरोलाइट," मी म्हणालो.

"अजून एकदा. मोठ्याने."

"गिरोलाइट."

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही नऊ जण होतो. आठ जण खाली मान घालून हसू दाबत होते आणि नववा मी उभा होतो. माझ्या तळहातावर काळ्या दगडाचा एक तुकडा होता आणि त्या दगडाच्या पोकळीत बोराएवढा पांढरा गोळा. दुर्मिळ खनिज, आमच्या विभागात त्याचा हा एवढाच नमुना. मी त्याचं नाव पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, पण कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"डोखळे, तुमचे वडील काय करतात?"

"गावी पिठाची गिरणी आहे, सर."

"मग बरोबर आहे. गिरणीत जो दगड असतो त्याला तुमच्याकडे गिरोलाइट म्हणत असतील."

आता हसू दाबायची कुणाला गरज उरली नाही. सर फळ्याकडे वळले. त्यांनी शब्दाच्या मधोमध उभी रेघ मारली. "जायरो आणि लाइट. जायरॉस म्हणजे गोल, लिथॉस म्हणजे दगड. दोन्ही ग्रीक. जायरोलाइट, गोल दगड. लाइट म्हणजे उजेड नव्हे. तो डोखळ्यांच्या डोक्यात पडायचा आहे अजून."

हे चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टमधलं. त्या दिवसापासून मी गिरणी झालो. हॉस्टेलच्या जेवणाच्या रांगेत, मैदानावर, ग्रंथालयात. "गिरणी, दळण झालं का?" हे शिरीष गुप्तेचं वाक्य. गुप्ते पुण्याच्या शाळेत शिकलेला, त्याचे काका तेल कंपनीत भूशास्त्रज्ञ, आणि वर्गात तो जे बोलेल त्यावर बाकीचे हसत. पुढच्या आठवड्यात सरांनीही हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून विचारलं, "गिरणी आली आहे?" मी हजर म्हणालो.

विभागात एकच माणूस मला त्या नावाने हाक मारत नसे. किसन घोलप. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तो दगडांचे काप करी. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि ओल्या भुकटीवर घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून पलीकडचं दिसावं. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. बावीस वर्षं तो हेच करत होता. कागदोपत्री शिपाई, शिक्षण सातवी. आम्ही मुलं त्याला घोलपमामा म्हणत असू.

त्या तासानंतर मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो होतो. तो घासत होता. घासता घासताच म्हणाला, "मी तीन वर्षं गिरोलाइटच म्हणत होतो."

"मग?"

"मग एक दिवस ध्यानात आलं. आपल्या विषयाचं नाव काय? जिऑलॉजी. त्याचं पहिलं अक्षर कुठलं? तेच. आपण त्याला गिऑलॉजी म्हणतो का? नाही ना. मग हेही तसंच धरायचं." त्याने काच पाण्यात बुचकळली, उजेडाकडे धरून पाहिली. "या नावांचं काही अवघड नसतं, भाऊ. मागचा तुकडा बहुतेकांचा सारखाच. आइट. ते म्हणजे दगडांचं आडनाव समजा. पुढचा तुकडा तेवढा बघायचा. कुणाचा रंग असतो, कुणाचं गाव असतं, कुणी माणूस असतो."

सर वर्गात शिकवत तेव्हा तो दारापाशी स्टुलावर बसलेला असे, नमुने आणून द्यायला. तिथे बसून त्याने हे सगळं गोळा केलं होतं. मला पुढचे सहा महिने खनिजांची नावं खरं तर त्यानेच शिकवली. मी सहामाही परीक्षेत पहिला आलो. तरीही गिरणीच राहिलो.

जानेवारीत घोलपमामाने एक दगड आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुठीएवढा. त्यात पिवळसर तुसांचा झुबका होता, वाळलेल्या कुसळांसारखा. त्याच्या भावाच्या विहिरीच्या खोदाईत निघाला होता. त्याने त्यातला कण घासून पाहिला होता आणि त्याच्या मते हे नेहमीच्या खनिजांपैकी नव्हतं. सरांनी भिंगातून पाहिलं आणि "ठेवून जा, पृथक्करणाला पाठवतो" म्हणाले. घोलपमामा रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी विचारी, काही आलं का, सर. सर म्हणत, वेळ लागतो.

फेब्रुवारीतली एक दुपार. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गुप्ते आणि आणखी दोघं बसले होते, कंटाळलेले. मी जवळून जाताना गुप्ते म्हणाला, "बस, गिरणी." तो कधी बसायला सांगत नसे. मी बसलो. बोलणं घोलपमामाच्या दगडावर आलं. गुप्ते त्याची नक्कल करत होता, "काही आलं का, सर." चांगली करत होता.

तेव्हा मी म्हणालो, "त्याला सांगू या की आलं. नवं खनिज निघालं, आणि ज्याने शोधलं त्याचं नाव दिलं. घोलपाइट."

मग गुप्ते मागे रेलून इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "घोलपाइट," तो म्हणाला. "अरे सुदाम, तू इतके दिवस कुठे होतास?"

सुदाम. माझं नाव. त्या गावात सहा महिन्यांत ते घोलपमामाही घेत नसे, तो भाऊ म्हणे.

पत्र मी टाइप केलं. विभागाच्या कार्यालयात संध्याकाळी प्रबंधाची पानं टाइप करायची मला परवानगी होती, तिथेच विभागाचं छापील शीर्षक असलेले कागद असत. इंग्रजीत पाच ओळी. अमुक नमुन्याचं परीक्षण झालं, ते विज्ञानाला अज्ञात असं खनिज ठरलं, श्री. के. बी. घोलप यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवण्यात येत आहे. खाली गुप्तेने वाचता येणार नाही अशी सही केली. पत्र मीच न्यायचं ठरलं, कारण माझ्यावर त्याचा विश्वास होता. हे गुप्तेने म्हटलं आणि मला ते पटलं.

घोलपमामाने हात पुसले. पत्र दोन्ही हातांनी घेतलं.

"वाचून दाखवा, भाऊ. मला इंग्रजी नीट लागत नाही."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. तो मला दुसऱ्यांदा वाचायला लावील असं वाटलं होतं, पण त्याने फक्त नावावर बोट ठेवलं. "हे कसं म्हणायचं?"

"घोलपाइट."

"घोलप माझं, आइट दगडाचं."

"हो."

"बाहेरच्या देशातले लोक कसं म्हणतील?"

"त्यांना घ जमत नाही. गोलपाइट म्हणतील."

"म्हणू दे," तो म्हणाला. मग खाली स्टुलावर बसला. "भाऊ, यात पहिलं नाव येत नाही ना? किसन वगैरे?"

"नाही. आडनावच."

"म्हणजे मग बबनपण आला."

दाराच्या मागे गुप्ते उभा होता, मला त्याच्या चपला दिसत होत्या. मी विचारलं, "बबन कोण?"

"धाकटा भाऊ माझा. विहीर त्याचीच." तो काचेच्या पट्टीवरची भुकटी बोटाने एका बाजूला करत बोलत होता. "मागच्या वर्षी मार्चमधे. सुरुंगाचे बार उडवले, खाली उतरला, हा दगड सापडला. टोपलीत घालून वर पाठवला. म्हणाला, दादाला द्या, दादाला दगडातलं कळतं. एक बार उडायचा राहिला होता. तो बघायला पुढे गेला." त्याने भुकटी पुन्हा सारखी केली. "मला तो दगड वर्षभर बघवला नाही. ट्रंकेत होता."

मी तेव्हा बोलू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं, मामा, ही थट्टा आहे. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या आणि ते तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, "फार चांगली गोष्ट झाली, मामा."

"कोळदऱ्याला जाऊन येतो," तो म्हणाला. "भावजयीला सांगायला पाहिजे."

दाराबाहेर आल्यावर गुप्तेने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याने बबनचं ऐकलं होतं. "आता नको थांबवू," तो म्हणाला. "आता तर मजा आहे." बाकीच्यांना सांगताना त्याने बबन वगळला, म्हणजे त्यालाही काही कळत होतं.

सोमवारी घोलपमामा रजेवर होता. मंगळवारीही. बुधवारी विद्यापीठाची तपासणी समिती आली. दोन प्राध्यापक, त्यांच्यातले एक पाटणकर म्हणून, आठल्ये सरांच्या बरोबरीचे, त्यांचं आणि सरांचं जुनं वाकडं आहे असं आम्ही ऐकून होतो. विभाग दोन दिवस धुऊनपुसून ठेवला होता. आम्ही विद्यार्थी प्रयोगशाळेत पांढरे कोट घालून उभे होतो आणि सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत चहा चालला होता.

साडेअकराला घोलपमामा आला. खाकी नव्हे, पांढरा सदरा, पांढरी टोपी. हातात झेंडूचा हार. त्याच्यामागे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, तिच्या हातात ताट, ताटात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. बाईच्या मागे बारा-तेरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. तिच्याकडे दुसरा चांगला कपडा नसावा.

ते सरळ सरांच्या खोलीत गेले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हे काय, घोलप?" सर म्हणाले. "आत्ता नाही."

"दोनच मिनिटं, सर. पाहुणे आहेत ते बरंच झालं. सत्कार करायचा होता आपला. आपल्यामुळे नाव लागलं."

"कसलं नाव?"

कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग पाटणकरांचा आवाज. "बघू. अरे वा. तुमच्या विभागाचं पत्र आहे, आठल्ये. नवं खनिज, आणि आम्हाला बोलला नाहीत? गोलापाइट."

"घोलपाइट, साहेब," घोलपमामा म्हणाला. अदबीने म्हणाला, मला शिकवताना म्हणे तसंच. "घ घराचा. आणि मधे ला नाही, ल."

पाटणकर हसले. मनापासून आणि मोठ्याने हसले. दुसरे प्राध्यापकही हसले असावेत. सरांचा आवाज आला तेव्हा तो अगदी हळू होता.

"हे कुणी दिलं तुला?"

"आपल्याकडूनच आलं ना, सर? पृथक्करणाचा निकाल."

"तो दगड माझ्या कपाटात आहे. मी कुठेही पाठवलेला नाही. पाठवण्यासारखं त्यात काही नाही. हे कुणी दिलं?"

घोलपमामा म्हणाला, "डोखळ्यांनी. त्यांनीच वाचून दाखवलं."

माझं नाव हाकारलं गेलं. प्रयोगशाळेपासून ती खोली वीस पावलं. गुप्ते माझ्याकडे बघत नव्हता, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवत होता.

आत गेलो. हार टेबलावर, फायलींवर पडला होता. बाई भिंतीशी सरकली होती, ताट अजून हातातच. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"डोखळे," सर म्हणाले, "हे पत्र तुम्ही दिलंत?"

"नाही, सर."

"पाहिलंत?"

"नाही, सर."

"भाऊ," घोलपमामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी काही विसरलोय आणि तो आठवण करून देतोय असा आवाज होता. "शुक्रवारी. मागच्या खोलीत. घोलप माझं, आइट दगडाचं, तुम्ही हो म्हणालात ना?"

"मामा एकदा काहीतरी कागद दाखवत होते," मी सरांना म्हणालो. "मी नीट पाहिला नाही. घाईत होतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळलं. ते मूर्ख नव्हते. शिपायाला पाच ओळींचं इंग्रजी पत्र टाइप करता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण पाटणकर समोर बसले होते. विद्यार्थ्यांनी विभागाच्या कागदावर खोटं पत्र केलं, तर विभागप्रमुखाचं काय राहतं? आणि शिपायाने केलं, तर तो शिपाई असतो.

"बावीस वर्षं दगड घासले," सर पाटणकरांना म्हणाले, "की माणसाला वाटायला लागतं आपलंही नाव दगडाला लागावं. कार्यालयातून कागद उचलला असेल, कुणा टायपिस्टला चार रुपये दिले असतील. घोलप, वरच्यांना लेखी कळवावं लागेल मला हे. आता जा." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही जा, डोखळे. तुमचा उगाच वेळ गेला."

मी वळलो तेव्हा त्या बाईने दिराला विचारलं, "हे काय म्हणत्यात? नाव न्हाई लागलं का?"

त्याने तिला काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. भरभर चाललो.

त्या दिवसानंतर मला कुणी गिरणी म्हटलं नाही. सरांनी तर मला पुढच्या तासाला उभं करून एक अवघड नाव फळ्यावर फोडायला सांगितलं आणि मी ते बरोबर फोडल्यावर "पहा, डोखळ्यांकडे पहा" असं वर्गाला म्हणाले. मला बरं वाटलं. ते लपवण्यात आता अर्थ नाही.

मार्चअखेर घोलपमामाची बदली झाली. विभागातून काढून हॉस्टेलच्या फाटकावर, पहारेकरी म्हणून. एक वेतनवाढही थांबली. त्याच्या खोलीची किल्ली विभागात जमा करायची होती आणि सरांनी ती घ्यायला मलाच पाठवलं.

त्याने सगळं नीट लावून ठेवलं होतं. भुकटीच्या बरण्या, जाड ते बारीक अशा ओळीने. मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं."

"हं."

"मी सरांना सांगतो हवं तर."

"आता सांगून काय. त्यांना ठाऊकच आहे." त्याने किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. "माफी मला नको. एक काम करा. कोळदऱ्याला जा."

"कशाला?"

"भावजय माझं ऐकत नाही. मी सांगतो ही थट्टा होती, पोरांनी केली. तिला वाटतं नाव खरं होतं, सरांनी खोडलं, आणि मी नोकरीसाठी गप्प बसलो. गावात सांगत फिरते. लोक तिला हसतात. पत्र कुणी केलं ते त्या माणसाने जाऊन सांगितलं तर तिला पटेल."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी एसटीने कोळदऱ्याला गेलो. उन्हाचा बारा वाजता पोचलो. घर शेतात होतं, पत्र्याचं. पलीकडे विहीर, अर्धी खोदलेली, तोंडावर बाभळीचे काटे टाकलेले. हौसाबाई, घोलपमामाची भावजय, दारात कांद्याच्या पाती कापत बसली होती. मी कॉलेजातून आलोय म्हटल्यावर ती लगबगीने उठली, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. तिला वाटलं, कॉलेजाने चूक सुधारली.

मी पाणी प्यायलो आणि सांगितलं. पत्र मी केलं. खनिजाला नाव वगैरे काही दिलेलं नाही. दगड कुणी तपासलेलाच नाही. मामांचा काही दोष नाही.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "कशापायी केलं?"

मी म्हणालो, "थट्टा म्हणून."

"आमची तुमची वळख होती का?"

"नाही."

"मग?"

आतून ती मुलगी आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "आई, हे तेच," ती म्हणाली. "न्हाई सर, न्हाई सर म्हणाले ते."

"रंजना, आत जा."

ती गेली नाही. माझ्याशी बोलली, सरळ. "मला शाळेत घोलपाइट म्हणतात."

हौसाबाई खाली बघून पात कापू लागली. मुलीने जे सांगितलं ते असं. घोलपमामा पत्र घेऊन आला त्या शनिवारी तिने शाळेत सांगितलं होतं, माझ्या बापाच्या नावाचा दगड सापडलाय. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावलं, सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. नाव फळ्यावर लिहिलं आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. ती शहरातून परत आल्यावर चार दिवसांत सगळ्यांना कळलं. आता पाणी प्यायला गेली तरी मागून कुणीतरी म्हणतं. मास्तरही एकदा म्हणाले. खोटं बोलली म्हणून.

"मी खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही येऊन सांगा. उद्या सकाळची शाळा आहे. साडेसातला प्रार्थना असते. हेडमास्तर पाहुण्यांना बोलू देतात. जास्त काही नको. मी खोटं बोलले नव्हते, एवढंच म्हणा."

हौसाबाईने वर पाहिलं. "मुक्काम करा म्हणं. भाकरतुकडा हाय."

"तालुक्याला माझा मित्र आहे," मी म्हणालो. "त्याच्याकडे राहतो. सकाळच्या पहिल्या गाडीने येतो."

"सातला येते ती," मुलगी म्हणाली. "शाळेच्या फाटकापाशीच थांबते. मी उभी राहीन."

"येतो मी."

ती पहिल्यांदा जरा हसली. हौसाबाईने चहा केला, बिनदुधाचा, तो मी प्यायलो. मुलगी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिने विचारलं, खनिजांना नावं खरंच माणसांची देतात का. मी म्हणालो, देतात. मग पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा तिला समजावून सांगितला. तिला ते आवडलं. तिने दोन-तीन नावं मागून घेतली आणि माझ्यामागून म्हणाली, अगदी बरोबर म्हणाली.

तालुक्याला माझा कुणी मित्र नव्हता. तिथे मला कॉलेजच्या गावाची एसटी मिळाली आणि मी तीत बसलो. परीक्षा दहा दिवसांवर होती. एसटीत मी स्वतःला सांगत होतो की परीक्षेनंतर नक्की जाऊ.

परीक्षा झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात मी हॉस्टेल सोडलं. सकाळचे दहा वाजले असतील. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. फाटकावर घोलपमामा होता, खाकीत, समोर बाहेर जाणाऱ्यांची वही. महिनाभर मी मागच्या कुंपणातून ये-जा करत होतो. ट्रंक घेऊन तिथून जाता येत नव्हतं.

त्याने वही पुढे सरकवली. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली.

"कोळदऱ्याला गेलो होतो, मामा," मी म्हणालो.

"माहीत आहे. भावजयीला पटलं. आता ती काही बोलत नाही."

"शाळेत जायचं राहिलं. परीक्षा होती."

"हं." त्याने माझं पेन मला परत दिलं. "सोमवारी पोरीने हेडमास्तरांना सांगून ठेवलं होतं, कॉलेजातून पाहुणे येणार म्हणून. त्यांनी पाच मिनिटं प्रार्थना थांबवली. मग झाली सुरू. मंगळवारी ती गाडीच्या वेळेला फाटकात उभी राहिली, वर्गात गेलीच नाही. पोरं खिडक्यांतून ओरडत होती. बुधवारी परत. तेव्हा मास्तरांनी इकडे निरोप धाडला. मी जाऊन तिला घरी आणली."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. शाळा सुटली तिची. आईबरोबर कांदे काढायला जाते."

आज मी स्वतः निवृत्त प्राध्यापक आहे. तीस वर्षं मुलांना खनिजांची नावं शिकवली. कोळदरा इथून सत्तर किलोमीटरवर आहे. रस्ता आता चांगला झालाय, दीड तास लागतो. मी गेलेलो नाही.